राहीने दाबलेला धूर

जामसरची राही म्हातारी झाली तरी तिची एक खोड काही गेली नाही. वर विमानाची घरघर ऐकू आली की हातातलं काम टाकून ती चुलीतले निखारे खापरीत घ्यायची, अंगणात धावायची आणि त्यांवर ओला पाला टाकून धूर करायची. तोवर विमान डोंगराआड गेलेलंही असायचं. पोरीबाळी फिदीफिदी हसायच्या. "आजीनं इमानाला धुरी दिली," म्हणायच्या. राही त्यांना काही सांगायची नाही. तिचं सांगायचं होतं ते फार पूर्वीच राहून गेलं होतं.

तेव्हा जव्हारला संस्थान होतं. पहिलं महायुद्ध संपून दहा-बारा वर्षं झाली होती आणि राही तिशीत होती. धडधाकट, फटकळ, कामाला वाघ. नवरा काळ्या अगदी गरीब स्वभावाचा. या घरातला पुरुष कोण, असं लोक चेष्टेने विचारायचे. जामसरच्या माळाच्या कडेला दोघांचं भाताचं एवढंसं रान होतं. तिथे दर वैशाखात राब भाजायचा. शेण, पाला, तोडलेल्या फांद्या, गवत असे थर रचायचे, वर माती पसरायची आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचा, म्हणजे तो सावकाश धुमसतो आणि जमीन भाजून निघते. त्या भाजल्या जमिनीत भाताचं रोप करायचं. राब भिजला की रोपापेक्षा तणच माजतं, आणि रोप गेलं की वर्ष गेलं.

आणखी एक रीत होती. राब धुमसत असताना वाटेने कुणी डोईवर भारा घेऊन आलं, तर मातीने धूर दाबायचा आणि त्याला आधी जाऊ द्यायचं. ओझ्याखालच्या माणसाला डोळे चोळायला हात मोकळा नसतो. राही तोंडाने कितीही तिखट असली तरी ही रीत तिने कधी चुकवली नव्हती.

त्या दिवशी दुपारी त्र्यंबकच्या बाजूने आभाळ भरून आलं. वारा मात्र अजून मावळतीचाच होता. पाऊस यायच्या आत उरकावं म्हणून राहीने घाईघाईने राब पेटवला. एक कोपरा धुमसायला लागला, धूर माळावरून उगवतीकडे लवला, आणि त्याच बाजूच्या ढगांतून विमान बाहेर आलं.

राहीने विमान एकदाच पाहिलं होतं, तेही घारीएवढं. हे तर झाडांच्या शेंड्यांवर होतं. एकावर एक पंख आणि मधल्या खोबणीत उघड्यावर बसलेला एक माणूस. त्याच्या मागे विजा कडाडत होत्या आणि पुढचे डोंगर ढगांत बुडाले होते. सपाट म्हणावी अशी जागा खाली ही एवढीच. विमानाने माळाला एक फेरी घातली, धुरातून गेलं आणि डगमगलं.

"अरं, त्याचे डोल्यांत धूर गेला!" राही ओरडली. "इजव! इजव!"

"राब इजवतंस?" काळ्या जागचा हलला नाही. "पाऊस डोक्यावर आला. मंग भाजशील कवा?"

"त्याचे जिवापरीस राब मोठा हाय का?"

तिने पाटी उचलली आणि धुमसत्या कोपऱ्यावर माती ओतायला लागली. काळ्याही मग कुरकुरत धावला. दोघांनी मिळून राब पुरता विझवला. एवढीशीही धुराची रेघ उरली नाही. "ये बाबा आता," राही वर बघून म्हणाली. तिला फार बरं वाटलं.

आणि वारा फिरला. वळवाचा वारा तो, एका क्षणात उगवतीकडून सुटला. विमान तेव्हा वळून खाली येत होतं, तेही उगवतीकडूनच. चाकं टेकली, पण विमान थांबेना. मागून वारा ढकलत होता. राही हातात रिकामी पाटी घेऊन बघत राहिली. माळ संपला, पुढे दगडी बांध होता, आणि विमान त्यावर आपटून उलटलं.

माणूस जिवंत होता. पंचविशीचा असेल, छाती चेपलेली. त्याला झाडाखाली आणलं तोवर पावसाने झोडपायला सुरुवात केली. तो काहीतरी विचारत होता. त्यातला एक शब्द कुणाला कळेल तर शपथ. मग त्याने राबाकडे बोट केलं, बोटं हलवत हात वर नेला आणि रिकामा तळवा पुढे केला. काळ्याला वाटलं, बिडी मागतोय. त्याने बिडी पेटवून त्याच्या ओठांत ठेवली. त्याने मान हलवली आणि पुन्हा तीच खूण केली. राही त्याच्या तोंडावर पावसाचं, पानांनी विणलेलं इरलं धरून बसली होती. वाटेतल्या ओहोळाचं पाणी उतरल्यावर चौघांनी त्याला झोळीत घालून जव्हारला नेलं.

दुसऱ्या दिवशी संस्थानचा कारकून टिपण घ्यायला आला. त्याला इंग्रजी येत होतं.

"साहेब एकच विचारतात," तो म्हणाला. "विमान वाऱ्याला तोंड करून उतरवावं लागतं. वारा कुठला, ते त्यांनी इथल्या धुरावरून ठरवलं. उतरताना बघतात तर धूरच नाही. धूर असता तर वारा फिरलेला कळला असता, दुसऱ्या बाजूने आले असते. धूर कोणी विझवला?"

राहीने तोंड उघडलं. त्याआधीच काळ्या म्हणाला, "पावसानं इजला, रावसाहेब."

कारकुनाने लिहिलं, पावसाने. पाऊस नंतर आला होता हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. आयुष्यात पहिल्यांदाच काळ्याने बायकोआधी तोंड उघडलं, तेही तिच्याचसाठी. त्याला दोष तरी काय द्यायचा? पण जन्मभर कुणाला न भ्यालेल्या राहीला त्या कागदापुढे बोलता आलं नाही.

तिसऱ्या दिवशी ती एकटीच जव्हारला निघाली. त्याची भाषा तिला येत नव्हती, म्हणून वाटभर ती खुणा ठरवत गेली. डोळ्यांकडे बोट न्यायचं, डोळे चोळायचे, मग माती टाकल्यासारखे हात करायचे. म्हणजे कळेल त्याला, तुझ्या डोळ्यांसाठीच दाबला रे.

सरकारी दवाखान्याच्या दारात एक शिपाई होता. त्याने सांगितलं, विमानवाले साहेब काल संध्याकाळीच वारले.

राही तिथेच उभी राहिली आणि ठरवून आणलेल्या खुणा शिपायालाच करायला लागली. डोळ्यांकडे बोट, डोळे चोळणं. शिपायाला वाटलं, बाईचे डोळे दुखतायत. त्याने तिला बायकांच्या रांगेत बसवलं. पाळी आली तेव्हा डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत औषध घातलं आणि पुढच्या बाईला बोलावलं.