दुसरी पसंती

आमच्या साडूंइतकं मतपेटीवर प्रेम करणारा माणूस कोल्हापुरात झाला नसेल, आणि त्यांच्यावर माझ्याइतका जळणाराही दुसरा नसेल. ते गणिताचे मास्तर. शंभरातली चाळीस मतं घेणारा निवडून येतो आणि उरलेल्या साठांना कुणी विचारत नाही, हे गणित त्यांच्या डोक्यातून जाईना. ज्याला जेवढी मतं त्याला तेवढ्या जागा द्या, म्हणून ते दिल्लीला पत्रं धाडत. उत्तर आलं नाही की टपालखात्याला दोष देऊन पुन्हा तेच पत्र लिहीत. दिल्ली ऐकेना, पण आमची सासुरवाडी ऐकायची. एका दिवाळीत गोड काय करायचं यावर त्यांनी घरभर चिठ्ठ्या वाटल्या, प्रत्येकाची पहिली पसंती, दुसरी पसंती लिहून घेतली, आणि कुणीही न रुसता बासुंदी झाली. "थोरल्या जावयाला असलं कवा सुचलं न्हाय," सासूबाई म्हणाल्या. थोरला जावई मी. ती बासुंदी माझ्या घशाखाली उतरेना.

आणीबाणी उठली त्या वर्षी मी पेठेतल्या तालमीच्या अध्यक्षपदाला उभा राहिलो. फार वर्षांची इच्छा होती. हारसुद्धा मीच सांगून ठेवला होता. तर लोकांनी साडूंनाही उभं केलं. तिसरे आमचे वस्ताद. हात वर करून निवड करायची आमची रीत, पण साडूंनी चिठ्ठ्या काढल्या. तिघांनाही पसंतीचे आकडे द्यायचे.

"पसंती? पोरगी बघाय आलोय व्हय मास्तर?" वस्ताद गरजले. "आन् दुसरी पसंती घरात कळली म्हंजे?"

मोजणी साडूंनीच केली. त्यांना सतरा, मला तेरा, वस्तादांना दहा. मी चपला शोधू लागलो.

"थांबा पावणं! निम्म्याच्या वर कोण गेलंय? आता वस्ताद बाद, त्यांच्या चिठ्ठ्यांवरची दुसरी पसंती मोजायची."

दहाच्या दहा चिठ्ठ्यांवर दुसरं नाव माझं निघालं.

"तेवीस! आला की निवडून!" साडू नाचायचेच बाकी होते. "बघा, चालती का न्हाय पद्धत?" आणि मी सांगितलेला हार त्यांनी माझ्या गळ्यात घातला.

घरी आलो तर बायको म्हणाली, "दाजींचं मन किती मोठं हाय!"

पुढे साडूंची गारगोटीला बदली झाली. तालमीत पुन्हा हात वर होऊ लागले आणि मी दरवर्षी निवडून येऊ लागलो. जळायलाही जवळ कुणी उरलं नाही. मला अध्यक्ष व्हायचं होतं, त्यांना मोजणी बरोबर व्हायला हवी होती. खुर्ची मला मिळाली, पण त्या दिवशी त्यांना झाला तेवढा आनंद मला तिच्यात बसून एकदाही झाला नाही.