अलीशिबेची ओटी

नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या आगमनकाळात तिसऱ्या रविवारी गुलाबी मेणबत्ती लावायची असते आणि मुलांना आनंदाचा धडा द्यायचा असतो. गुलाबी मेणबत्ती कामरगावच्या एकाही दुकानात मिळत नाही, म्हणून आम्ही पांढरीच आणतो आणि तिला गुलाबी रिबीन बांधतो. आमच्या रविवारच्या शाळेत मुलं तरी कितीशी असणार? मोजक्या ख्रिस्ती घरांमधली लेकरं, आणि शेजारपाजारची काही, जी गाण्यांसाठी आणि शेवटी मिळणाऱ्या बिस्किटांसाठी येतात. कोण कशासाठी आलं हे मी विचारत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य घालवलं आहे मी. समोर येऊन बसलं ते आपलं, एवढंच मला कळतं.

त्या वर्षी पाळकसाहेबांनी माझ्या हातात धडा दिला तो मरीया आणि अलीशिबेच्या भेटीचा. गोष्ट लहान आहे. अलीशिबा म्हातारी झालेली, जन्मभर मूलबाळ नाही, आणि उतारवयात तिला दिवस जातात. येशूची आई होणारी मरीया तिच्या नात्यातली, वयानं कोवळी, तीही गरोदर. ती डोंगराळ मुलखातून चालत अलीशिबेच्या घरी जाते. दारातून तिची हाक ऐकू येताच अलीशिबेच्या पोटातलं बाळ आनंदानं उडी मारतं. मुलांना ही उडी फार आवडते. मी ही गोष्ट कैक वेळा सांगितली आहे, आणि तरी त्या आठवड्यात मी पाळकसाहेबांना म्हटलं, "यंदा मेंढपाळांची घेऊ या का?"

ते म्हणाले, "मेंढपाळ नाताळाला येतील, बाई. त्यांना एवढी घाई कशाला?"

घाई मेंढपाळांना नव्हती, मला होती. माझी मुलगी माहेरी आली होती.

तिला किन्हीराजाला दिली आहे. जावई तिथल्या शाळेत शिक्षक आहेत, माणूस चांगला आहे. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. अकोल्याचे डॉक्टर झाले, अमरावतीचे झाले, आणि मग दोघांनी डॉक्टरांना विचारणंच बंद केलं. आता तिची नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी, म्हणजे माझ्या मुलीच्या घरी आली होती. मुलगी लग्न होऊन त्या घरात गेली तेव्हा ही नणंद शाळेत होती. तिच्या वेण्या हिनंच घातल्या, दहावीचा अभ्यास हिनंच घेतला. मंगळवारी तिचं डोहाळजेवण होतं, आणि त्याच्या आधी विहीणबाईंनी माझ्या मुलीला सांगितलं, "दोन-चार दिवस आईकडे जाऊन ये, हवापालट होईल." इतक्या वर्षांत हवापालटाची आठवण त्यांना नेमकी आत्ताच झाली.

मुलगी पिशवी भरून आली. मलाही कारण विचारावं लागलं नाही. आमच्या लोकांनी देव बदलला, पण ओटी काही सोडली नाही. कुंकू गेलं आणि त्या जागी प्रार्थना आली. गहू, नारळ, ब्लाउजपीस मात्र जसंच्या तसं राहिलं. त्याच्यासोबत हेही राहिलं की ओटी लेकुरवाळीनंच भरायची, आणि जिला मूल नाही तिनं त्या वेळी समोर यायचं नाही. हे कोणी तोंडावर बोलत नाही. हवापालटाला पाठवतात.

मला भयंकर राग आला होता. खरं सांगायचं तर तो आधीपासूनच होता. नणंदेची गोड बातमी सांगायला विहीणबाईंचा फोन आला तेव्हा मी "अरे वा, छान झालं" म्हणाले, आणि फोन ठेवून इतक्या जोरात भांडी घासली की कढईचा कान निघाला. दुसऱ्याच्या घरी पाळणा हलणार याचा मला काडीचाही आनंद झाला नव्हता. आणि मीच आता लेकरांना आनंद शिकवणार होते.

रविवारी सकाळी मी मुलीला म्हटलं, "तू घरीच थांब, थंडी आहे."

"मी बसतो ना मागं," ती म्हणाली. "मेणबत्तीले रिबीन कोण बांधन मंग?"

आमचं प्रार्थनाघर म्हणजे टिनाचं छप्पर असलेली एक खोली. सकाळी तिथं इतकं गार असतं की मुलं सतरंजीवर एकमेकांना चिकटून बसतात. मी गोष्ट सांगायला लागले, आणि अलीशिबेला मूल नव्हतं हा भाग मी एका वाक्यात उरकला. माझ्या वर्गात कोणी असं वाक्य गिळलं असतं तर मी त्याला परत वाचायला लावलं असतं. मुलीकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. ती मागे कात्री घेऊन रिबीन कापत होती.

गोष्ट झाल्यावर नाटक करायचं हा आमचा रिवाज आहे. पुढचे दात पडलेली एक पोरगी अलीशिबा झाली. तिनं माझी शाल पांघरली, हातात फूटपट्टीची काठी घेतली आणि अशी काही खोकली की खरी म्हातारी लाजावी. मरीया दारातून आली. आता अलीशिबेनं तिला धन्य म्हणायचं होतं. पण आमच्या अलीशिबेनं आधी पाणी आणून दिलं आणि विचारलं, "कशी आली वं? गाडीत जागा भेटली काय?" मरीया म्हणाली, "उभ्यानं आलो." मग दोघींनी पोट धरून उड्या मारल्या. बाळांच्या ऐवजी आयाच उडत होत्या, पण मी दुरुस्त केलं नाही.

इथं नाटक संपायचं होतं. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "डोहाळजेवण राह्यलं ना!" झालं. सगळ्यांना ते पटलं. एका पोराच्या पिशवीत तुरीच्या ओल्या शेंगा होत्या, त्या ओटीला घेतल्या. दोघींना खुर्चीवर बसवलं. भरायला कोण, असा प्रश्न आला तेव्हा मरीयेनं मागे हात केला. "ताई, तुमी या ना. तुमी मोठ्या आहात."

माझी मुलगी उठायला लागली, तेवढ्यात सतरंजीवरून एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, "ताईले नका घेऊ. ओटी भराले लेकरूवाली पायजे. ताईले लेकरू नाही. माही मोठी आई म्हणते, तसं नसते चालत."

तिच्या बोलण्यात काडीचा वाईटपणा नव्हता. खेळाचा नियम सांगावा तसं तिनं सांगितलं. माझी मुलगी अर्धवट उठलेली तशीच राहिली. मी त्या पोरीला रागावले असते तर माझ्या लेकीची आणखी शोभा झाली असती, आणि गप्प बसले तर मी त्या मोठ्या आईच्याच बाजूची ठरले असते.

तेवढ्यात अलीशिबा चिडली. शाल सावरत म्हणाली, "अन् मले होतं काय? मी म्हातारी झालो तरी मले लेकरू नव्हतं. बाईनं आत्ता सांगतलं ना."

"पण आता हाय ना तुले," सतरंजीवरून उत्तर आलं.

"आता हाय. पण आंदी नव्हतं, तवा मी काय खराब होतो?"

नियम सांगणारी पोरगी विचारात पडली. अलीशिबेनं वाट पाहिली नाही. तिनं फ्रॉकचा घेर दोन्ही हातांनी पुढे धरला आणि हुकूम सोडला, "ताई, भरा लवकर, माहे हात दुखून राह्यले."

माझी मुलगी पुढे आली. तिनं ओंजळभर शेंगा त्या फ्रॉकमध्ये घातल्या, मग मरीयेच्या. ती हसत होती. मी तोंड फिरवून फळा पुसायला लागले. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. मागे वळले तोवर मुलं दोघींच्या ओटीतल्या शेंगा सोलून खात होती, आणि शेवटची प्रार्थना आम्ही साफ विसरलो.

घरी येताना मुलगी म्हणाली, "आई, मी उद्याच निंगतो. मंगळवारी मले तिथं रायचं हाय."

"तुला बोलावलंय का कोणी?" मी ताडकन म्हटलं. "जाऊन अपमान करून घेणार?"

"मले कायले बोलावतीन? ते माहंच घर हाय ना."

सोमवारी ती कारंज्याला गाडी बदलून गेली. मंगळवारचा दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. विहीणबाईंना काय काय सुनवायचं याची मनात इतकी तयारी केली की जेवणात मीठ घालायचं राहिलं. संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"भरू दिली ओटी?" मी पहिलं तेच विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "माह्या सासूनं मले सैपाकघरात ठेवलं. म्हणे, पोळ्या कोण पाहीन?"

"मग मी सांगत होते ना तुला! कशाला गेलीस?"

"आई, ऐक तं. थोडी रडलो मी तिथं. मंग बाहेर गाणं सुरू झालं, तं मीही आतून म्हटलं. अन् मंग मी हात धुतले अन् बाहेर येऊन बसलो. कोणाले विचारलं नाही. आई, माही नणंद हिरवं पातळ नेसली होती, अन् पोट केवढं दिसून राह्यलं होतं तिचं! तिले खुर्चीतून उठताच येत नव्हतं. आमी दोघी इतक्या हसलो, इतक्या हसलो..."

पुढचं तिला बोलता येईना, इतकी ती हसत होती. मी लहानपणापासून तिचा आवाज ओळखते. मला बरं वाटावं म्हणून ती हसते तेव्हा मला कळतं, आणि हे हसू तसलं नव्हतं. तिला आनंद झाला होता. तो कोणी वाढला नव्हता तिला, ताटही मांडलं नव्हतं, तरी तिनं तो घेतला होता.

फोन ठेवला तेव्हा माझ्याही तोंडावर हसू होतं. विहीणबाईंवरचा राग गेला नव्हता, अजूनही गेलेला नाही. पण त्या पोरीचं मोठं पोट आणि खुर्चीतून उठण्याची तिची धडपड माझ्या डोळ्यांपुढे आली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी त्या बाळासाठी प्रार्थना केली.