एक ठोका दाब, दोन ठोके सोड

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे वाचताना कुणाला धक्का बसायला नको. हा तापटपणा वडिलांकडूनच आलेला आहे, पण त्यांचा राग लोखंडावर निघायचा आणि माझा माणसांवर निघतो.

वडिलांना आम्ही नाना म्हणतो. नानांचं धुळ्यात हायवेला लागून पत्र्याचं गॅरेज होतं. तीस वर्षं त्यांनी तिथं एकच काम केलं, पाट्यांचं. चाकांच्या वर गाडीचा सगळा भार पेलणाऱ्या एकावर एक पोलादी पट्ट्या असतात ना, ते पाटे. शाळा सुटली की मी गॅरेजवर जायचो. हायवेच्या गोंगाटात गाडीखालून मारलेली हाक वर ऐकू येत नसे, म्हणून नाना खाली उताणे पडून पान्याने चासीवर, गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, ठोकत. एक ठोका म्हणजे ब्रेक दाब. दोन ठोके म्हणजे सोड. काम कुठलंही असो, गिऱ्हाइकाला गाडी देण्याआधी एवढं व्हायचंच. मी सीटच्या टोकाला लटकून दोन्ही पायांनी ब्रेक दाबून धरायचो. एकदा कंटाळून मधेच सोडला, तर खालून असा आवाज आला की पलीकडचा चहावाला बघायला आला. "मी म्हणस नही तोवर सोडानं नही!"

ते खाली पडून नेमकं काय बघतात, हे मी कधी विचारलं नाही. मला आपलं वाटायचं, म्हाताऱ्याची खोड आहे.

दोन वर्षांपूर्वी नानांना लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, एका सकाळीच गेलं सगळं. डॉक्टर म्हणाले, यांना समजतं सगळं, फक्त सांगता येत नाही. ऐकायला सोपं वाटतं हो! घरात असा माणूस असला म्हणजे कळतं. ते 'आं आं' करतात, आपण पाणी देतो. पाणी नको असतं. आपण पंखा लावतो. पंखाही नको असतो. आईला दहातलं आठ वेळा बरोबर कळतं. माझ्या बाबतीत मात्र पालथ्या घड्यावर पाणी.

गॅरेज बंद करून गावी येताना नानांनी एक जुना पिकअप घेतला होता. तो आता मी चालवतो. आमचं गाव नरडाण्याच्या अलीकडे आत आहे आणि शेताची वाट म्हणजे दोन चाकोऱ्या आणि मधे उभा वरंबा. कापूस भरून निघालं की गाडीचं पोट त्या वरंब्याला घासायचं. गेल्या हंगामात इंजिनखालचं तेलाचं चेंबर दोनदा फुटलं. दुसऱ्यांदा फुटलं तेव्हा मी ठरवलं, बस, गाडी उंच करायची. दोन पाटे वाढवायचे, खाली लोखंडी ठोकळे टाकायचे, चार बोटं जरी उचलली गेली तरी माझं काम झालं.

नानांना सांगितलं, तर ते जोरजोरात मान हलवायला लागले. नाही, नाही. मी म्हणालो, "तुम्हाला काय, तुम्ही घरी बसलेले. वाटेत तेल गळताना मी बघतो." आज आठवलं की जीभ हासडून टाकावीशी वाटते. पण बोललो ते बोललो.

गाडी न्यायच्या दिवशी आई मावशीकडे लग्नाला गेलेली. नानांना घरी एकटं ठेवायची सोय नव्हती, म्हणून सोबत घेतलं आणि धुळ्याला गेलो. नानांचं गॅरेज मोडून तिथं आता टाइल्सचं दुकान झालंय. गावाबाहेर एक नवीन मिस्तरी पाटे बसवतो असं कळलं होतं, त्याच्याकडे गेलो. माणूस वाईट नव्हता. नानांना त्याने गाडीजवळच सावलीत खुर्ची दिली, "बसा नाना, अर्ध्या दिवसाचं काम शे," म्हणाला.

पाटे चढेपर्यंत नाना गप्प होते. नजर मात्र मिस्तरीच्या हातावर. पाटे आवळणारे नवे लांब यू बोल्ट कसले गेले, तशी त्यांनी मान डोलावली. मला बरं वाटलं. मग मिस्तरी हात पुसून उभा राहिला, "झालं भाऊ," म्हणाला, आणि नानांचं 'आं आं' सुरू झालं.

"काय व्हयनं नाना?" मी विचारलं.

ते डाव्या हाताने उजव्या मांडीवर मारत होते. लुळ्या मांडीवर. मला वाटलं पायाला मुंग्या आल्या. पाय चोळला, तर त्यांनी माझा हात झटकला. मिस्तरी म्हणाला, लघवीला लागली असेल. धरून धरून मागच्या बाजूला नेलं, तिथं ते नुसते उभे राहिले आणि गाडीकडे बोट दाखवत राहिले. परत आणलं. चहा दिला, तर ग्लास कलंडला, माझ्या पँटवर. मी म्हणालो, "अरे देवा, काय पाहिजे तरी काय तुम्हाला!"

मग त्यांनी खाली वाकून जमिनीवरचा पाना उचलला आणि गाडीच्या चासीवर आपटला. एकदा. थांबले, माझ्याकडे बघितलं. परत एकदा आपटला.

मिस्तरीचा चेहरा पडला. "भाऊ, नानांना काम पसंत नाही वाटतं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भर गॅरेजात माझा बाप लहान पोरासारखा लोखंड बडवतोय, दोन ट्रकवाले बघतायत. मी त्यांच्या मुठीतून पाना काढून घेतला. ओढूनच घ्यावा लागला. एका हातात इतकी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर गाडी झकास चालत होती. उंचावरून रस्ता नवीनच दिसत होता. आणि शेजारी नाना. मुठीने समोरच्या पत्र्यावर ठक्. थोड्या वेळाने परत ठक्. सोनगीरचा किल्ला मागे पडला तरी चालूच. माझ्या डोक्यात घण पडत होते. "नाना, बस करा आता!" मी ओरडलो. ठक्. "बस म्हटलं ना!" ठक्. शेवटी मी डाव्या हाताने त्यांचा तो हात धरला आणि त्यांच्याच मांडीवर दाबून ठेवला. एकाच हाताने गाडी चालवत होतो. ते सोडवायला बघत होते, मी सोडत नव्हतो.

हायवे सोडून गावच्या रस्त्याला लागलो. नाल्याच्या उताराच्या तोंडाशी एक खड्डा आहे, त्यात मागचं चाक धाडकन गेलं. खाली नाल्यात मेंढरं रस्ता ओलांडत होती. मी ब्रेकवर पाय दिला आणि पाय थेट खाली गेला. चिखलात जावा तसा. परत दाबला, काही नाही. मेंढपाळ हात वर करून ओरडत होता. मी स्टिअरिंग कापसाच्या शेताकडे फिरवलं, बांधावरची बाभूळ समोर आली आणि गाडी तिच्यात जाऊन थांबली.

मला खरचटलंही नाही. नानांचं कपाळ समोर आपटलं होतं. भुवईवरून रक्ताची धार लागलेली. आदळताना माणूस हात पुढे करतो. त्यांचा एक हात देवाने नेला होता आणि दुसरा मी दाबून धरला होता.

रुमाल त्यांच्या कपाळावर बांधला आणि गाडीखाली वाकून बघितलं. चासीवरून मागच्या एक्सलकडे, म्हणजे मागची चाकं जोडणाऱ्या दांड्याकडे, जाणारा ब्रेकचा रबरी पाईप तुटून लोंबत होता, चाक ब्रेकच्या तेलाने भिजलेलं. गाडी वर गेली, एक्सल खाली राहिला, पाईप मात्र होता तेवढाच. ताणून बसला होता बिचारा, एका खड्ड्याची वाट बघत.

मी तसाच वाकलेला असताना वरून आवाज आला. ठक्.

आणि माझा उजवा पाय हलला. मी सांगितलं नव्हतं त्याला, आपोआप हलला, मातीत दाबला गेला. मग मला कळलं. मी तिथंच बाभळीच्या काट्यांत बसलो आणि रडलो. मेंढपाळाला वाटलं मलाच लागलंय.

दाब. पाटे चढल्यापासून ते एवढंच सांगत होते, दाब, मी पाईप बघतो. जगात ही भाषा येणारी आम्ही दोनच माणसं होतो.

नानांना चार टाके पडले. आठवड्याने गाडी ओढून त्याच मिस्तरीकडे नेली. त्याने कान धरले आणि लांब पाईप टाकला. नानांना मी मागच्या चाकाजवळ खुर्ची दिली, डाव्या हातात पाना दिला आणि म्हणालो, "नाना, पहा तुम्ही. मी दाबस."

सीटवर बसलो. वाटलं, रुसले, आता नाही ठोकणार. मग ठक्.

मी ब्रेक दाबला.

मिस्तरी खाली वाकला, उठला. "झालं भाऊ, पाईप मस्त ढिला शे. सोडा आता."

मी आरशात बघितलं. नानांनी पाना मांडीवर ठेवला होता आणि त्याच हाताने ते डोळे पुसत होते. मिस्तरी परत म्हणाला, सोडा भाऊ, झालं. माझी पोटरी थरथरायला लागली होती. तरी मी ब्रेक दाबूनच बसलो. नानांनी अजून सोड म्हटलं नव्हतं.