विमानांचं ओलं चित्र

"लांबसून बघा, बाई." एक डोळा मिटून, ब्रशचं उलटं टोक हवेत धरून पेंटरमामू असं म्हणाले की मी मागे सरायची. मागे गटार होतं. ते त्यांना ठाऊक असायचं, आणि मी अडखळले की ते दाढीतल्या दाढीत हसायचे.

मुलांनो, तुम्ही माझ्याकडे शिकवणीला आत्ता येऊ लागलात, त्यांना पाहिलं नाहीत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. मी शाळेत इंग्रजी शिकवायची तेव्हापासून शाळेच्या पाट्या तेच रंगवत, बंदरातल्या लाँचींवर नावंही तेच घालत. पण त्यांचं खरं काम फोटोवरून चित्र काढण्याचं. कुणाचं माणूस गेलं की लोक पासपोर्टाएवढा फोटो आणून देत. मामू त्यावर पेन्सिलीने चौकटी आखून चेहरा मोठा करत. डोळे अगदी शेवटी. "डोळे पुरे झाले, रंग सुकला, की माणूस भिंतीवर गेला," असं म्हणत.

म्हणून जिवंत माणसाचं चित्र ते घेत नसत. निवडणुकीला उभा राहिलेला एक जण हट्टालाच पेटला, तेव्हा त्याचा एक कान अर्धवट ठेवून दिला. "राहू दे साहेब, आयुष्य वाढेल."

त्यांचा एकुलता मुलगा आखातात, बंदरावर क्रेन चालवतो. तिकडे लढाई पेटली तेव्हा त्याने राहत्या खोलीच्या गच्चीवरून काढलेला फोटो मोबाईलवर पाठवला: आभाळात लढाऊ विमानांची रांग. त्यानंतर त्याचा फोन बंद.

मामूंनी सगळी कामं बाजूला सारली आणि तो फोटो कॅनव्हासवर घेतला. विमानं हुबेहूब उतरली, पंखांखालचे बॉम्बसुद्धा. मग संध्याकाळी त्यांनी रुंद, कोरडा ब्रश ओल्या रंगावरून डावीकडून उजवीकडे ओढला. सगळं पुसट झालं. जवळून पाहावं तर नुसते करडे डाग. मागे सरलं की ती विमानं थेट आपल्याच दिशेने येताना दिसायची.

नाक्यावरच्या रिक्षावाल्यांना भारी उत्सुकता. "मामू, विमानं कुठल्या देशाची?"

"खालून बघणाऱ्याला पोट दिसतं रे. झेंडा नाय दिसत."

दुसऱ्या सकाळी त्यांनी विमानं पुन्हा रेखली, संध्याकाळी पुन्हा पुसट केली. मग रोज तेच. रंगात अळशीचं तेल एवढं की चित्र सुकूच नये. हे पुरं कधी करणार, असं मी विचारलं.

"पुरं कशाला करू, बाई? त्याचा शेवटचा फोटो आहे तो." आपलाच शब्द ऐकून ते दचकले. "शेवटचा म्हणजे, आतापर्यंतचा."

त्या दिवसापासून दुकानावरून जाताना मीही आधी चित्र ओलं आहे का ते पाहू लागले. विमानतळाकडून एखादं विमान घरघरत गेलं की मामूंचा ब्रश थांबायचा, आणि त्यांची बायको, आमच्या मामी, दाराआड जाऊन उभ्या राहायच्या. गल्लीत कुणी मोठ्याने हाक मारेना.

अखेर फोन आला. मुलगा सुखरूप होता, कामगारांना दुसऱ्या गावी हलवलं होतं. मामींनी गल्लीभर खजूर वाटले. सगळे म्हणाले, आता सुकू द्या. मामूंनी तेलाची बाटली जवळ ओढली. "अजून तिथंच आहे तो. विमानं पण तिथंच आहेत."

पाऊस सरता सरता मामू झोपेतच गेले. तिकडची विमानसेवा पुन्हा बंद पडली होती, मुलगा मातीला पोचू शकला नाही. काही दिवसांनी मामी चित्र, तेल, रंग आणि ब्रश घेऊन माझ्या दारात उभ्या. "मला हे ओलं ठेवायला जमत नाय, बाई. तो घरी येईपर्यंत तुम्ही बघा."

माझ्या घरात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली, त्यावरून तुम्ही मला चिडवता. हे चित्र मात्र जेवणाच्या टेबलाशेजारी तिरकं टेकून उभं आहे, खाली वर्तमानपत्र पसरलेलं. रोज चहाच्या आधी मी कडेला बोट लावून पाहते.

काल बोटाला काहीच लागलं नाही. चहा तसाच ठेवून मी तेलाची बाटली, करडा रंग आणि मामूंचा रुंद ब्रश काढला, आणि डावीकडून उजवीकडे ओढत राहिले, बोट पुन्हा करडं होईपर्यंत.