पदरात टाकलेलं

त्या वर्षी माझी श्रद्धा उडाली होती असं मी म्हणणार नाही, पण हात जोडायचंही त्राण उरलं नव्हतं. आम्ही नांदेडहून येऊन भुकूमला नुकतंच घर घेतलं होतं. यजमान हिंजवडीला कंपनीत, मी पौडला एका शाळेच्या कार्यालयात. लेक ऋता अकरा वर्षांची. ती वर्गात पेंगते, असं तिच्या बाईंनी सांगितलं म्हणून रक्त तपासलं, तर थायरॉइडचा दोष निघाला. थोडासाच. पण मी स्वतः पंचविशीपासून थायरॉइडची गोळी घेते. माझंच दुखणं लेकीच्या अंगात उतरलं, हे काही केल्या मनातून जाईना.

पुण्यातल्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, जरा वाढलेला आहे, पण थायरॉइडचं मूळ हार्मोन पुरेसं आहे आणि उंचीही नीट वाढते आहे. पुष्कळ मुलांचा हा आकडा आपोआप खाली येतो, नाहीतर तिथंच राहतो. काहींचा मात्र वाढत जातो, त्यातून घरात हा आजार असेल तर लक्ष ठेवायला हवं. लगेच गोळी नको, सहा महिन्यांनी पुन्हा तपासू, असं त्या म्हणाल्या. त्यांनी गोळी लिहून दिली असती तर मला बरं वाटलं असतं. नुसतं थांबायचं कसं, ते मला येत नव्हतं.

थायरॉइडला कोबी वाईट असं कुठंतरी वाचून मी तो बंद केला. दर रविवारी तिला भिंतीशी उभी करून उंची मोजू लागले, कंगव्यातले केस बघू लागले. सहा महिन्यांनी आकडा किंचित वर गेला होता. एवढा फरक होतच असतो, अजून थांबू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी घरी येऊन भांडी घासत राहिले. मला रडूही येईना.

शेवटी एका शनिवारी ऋताला घेऊन ताम्हिणीच्या देवीला निघाले. आकडा उतरला तर साडीचोळीची ओटी भरीन, असा नवस करायचा होता. एसटीतून उतरलो तेव्हा पाऊस असा होता, की समोरचं देऊळ दिसत नव्हतं. देवळाबाहेर ओटीचं सामान विकणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी आम्हाला छपराखाली ओढून घेतलं, आपलं घोंगडं ऋताच्या अंगावर टाकलं. त्यांनी काहीच विचारलं नव्हतं, तरी मी सगळं सांगत सुटले. सगळं ऐकून घेऊन त्या ऋताकडे वळल्या.

"तुला काय हुतंय गं बाय?"

ऋता घोंगडं अंगाभोवती ओढून घेत म्हणाली, "मला काही होत नाही. पण आई सारखी माझ्या गळ्याकडे बघते. जेवतानापण."

मला मान वर करवेना. बाई माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही, पण आडपडदाही ठेवला नाही. "डाक्टरनीनं बोलवलं की जा, त्यात चुकू नगंस. मदल्या दिसांत पोरीला जगू दे की. देवीच्या पदरात टाकाया आलीस न्हवं? मग सारखी मागं वडून का बघतीस?"

मी आत गेले. नवसाचे शब्द जुळवून ठेवले होते, ते तोंडातून निघाले नाहीत. हिला सांभाळ, एवढंच म्हणाले आणि थंडगार फरशीवर डोकं टेकलं. परतीच्या एसटीत मला गाढ झोप लागली. कित्येक महिन्यांत तशी लागली नव्हती. भुकूम आलं तेव्हा ऋतानंच मला उठवलं, माझी पिशवी तिनं आधीच खांद्याला लावली होती.

याला चमत्कार म्हणावं का, मला ठाऊक नाही. आकडा लगेच उतरला नाही. पुढच्या तपासणीत तिथंच होता, मग थोडा खाली आला, एकदा पुन्हा वर गेला. दर वेळी आम्ही सांगितलेल्या दिवशी जाऊन रक्त देऊन आलो. ऋता आता दहावीला आहे. परवा डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आकडा आता हद्दीत आला आहे, तरी वर्षातून एकदा तपासायचं, कारण पुढं कधी गोळी लागणारच नाही असं सांगता येत नाही.

"लागली तर घेऊ," मी म्हणाले.

एवढे तीन शब्द माझ्या तोंडून शांतपणे निघावेत, ही मी देवीची कृपाच मानते.