गाठोडेवाली आत्या

दवाखानाभर बोभाटा होता की माझी आत्या बाळांच्या दुधात काहीतरी मिसळते. नाहीतर पत्रा बडवल्यागत दणदणणाऱ्या त्या एमआरआयच्या यंत्रात तान्ही पोरं झोपतीलच कशी?

खरं तर आत्या दुधात काही घालत नाही. उलट दूधच उशिरा देते. तपासणीच्या आधी बाळाला दोन-तीन तास भुकेलं आणि जागं ठेवायचं, मग पोटभर पाजायचं, कान झाकून चादरीत घट्ट गुंडाळायचं, की स्वारी डाराडूर! वीस वर्षं ती हेच करतेय. सगळे तिला ‘गाठोडेवाली’ म्हणतात आणि ती ते पदवीसारखं मिरवते.

त्या सकाळचं बाळ दीड महिन्याचं. त्याच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी जन्मापासूनच वेडीवाकडी असावी आणि मेंदूच्या देठावर दाबत असावी, असा संशय. श्वासाची सूत्रं त्या देठाकडेच. बाळाचा श्वास मधूनच अडखळायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, “झोपेचं औषध नको, श्वासच थांबायचा.” आणि फोटोशिवाय पुढचं काही ठरत नव्हतं.

आत्या चादर घेऊन आली, तर बाळाच्या आजोबांनी त्याला थोपटून गाढ झोपवलेलं!

“घ्या, तुमचं काम केलं!”

“केलंत की वाढवलंत, आजोबा? आपला नंबर तासाभरानं आहे.” आत्यानं बाळाचं झबलं सोडून तळपायाला गुदगुल्या सुरू केल्या. “उठा राजे!”

“अहो, तुम्हाला झोपवायला ठेवलंय की उठवायला?”

बाळानं भोकाड पसरलं. सुट्टी म्हणून मीही तिथंच होते, येईल-जाईल त्याच्या नकला करत. म्हटलं, “आत्या, हे आता संध्याकाळपर्यंत झोपत नाही. पैज!”

“लाव. हरलीस तर आठवडाभर कुणाची नक्कल नाही.”

तासाभरानं तिनं दूध पाजलं. घोट, थांबा, श्वास बघा, पुन्हा घोट. मग गाठोडं बांधलं आणि त्याच्यासोबत स्वतःही आत गेली. दार लागलं. दणदणाट सुरू झाला. आजोबा बाकाच्या टोकावर, गुडघे हलवत.

पस्तीस मिनिटांनी आत्या कुजबुजत बाहेर आली. “हललासुद्धा नाही पठ्ठ्या! रक्तवाहिनी स्पष्ट दिसतेय. आता डॉक्टर पुढचं ठरवतील.”

आजोबांनी रुमाल काढला आणि असं नाक शिंकरलं, असं शिंकरलं, की गिरणीच्या भोंग्यानं लाजावं. आधी खर्ज, मग किंचाळी, शेवटी एक हुंदका. इतका सुरेख आवाज वर्षात एखादाच सापडतो.

आत्यानं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी ओठ गच्च मिटले.