ब्रेनरचे काळे बूट

स्टुटगार्टला आमच्या खालच्या मजल्यावर राहणारा पोलीस ब्रेनर म्हणजे सरळपणाचा अर्क. रस्ता रिकामा असला तरी सिग्नल हिरवा होईपर्यंत हा खांबासारखा उभा. २००६ साली त्याने टॅक्सच्या फॉर्ममध्ये ड्युटीच्या काळ्या बुटांचा खर्च दाखवला. सूट मिळते ती फक्त कामावरच वापरायच्या वस्तूंना. या शहाण्याने खाली स्वतःहून लिहिलं, "एकदा आईच्या अंत्यविधीला घातले होते." कोणी विचारलं होतं?

टॅक्स ऑफिसातल्या साहेबाला तेवढंच हवं होतं. बूट खासगी वापराचे, सूट नामंजूर! आईला पोचवायला जाणं म्हणजे यांच्या लेखी सहलच. मी भडकलो, "अहो ब्रेनर, अपील करा!"

"नियम बरोबर आहे," तो शांतपणे म्हणाला.

पुढच्या हिवाळ्यात त्याचे वडील गेले. दफनभूमीत सगळे काळ्या कपड्यांत, आणि कबरीपाशी मुलगा बागकामाच्या हिरव्या रबरी बुटांत. मी बघतोय हे पाहून तो हळूच म्हणाला, "काळे कपाटात ठेवलेत. यंदा फॉर्ममध्ये काही लिहावं लागणार नाही."